बेस पोलोत टॉपचं मीटर, एकही वायर न कापता

स्टिरिओ बाहेर ओढला आणि त्याच्या मागून वायरींचा एक गोळाच हातात आला.

बाबांनी मोबाइलचा टॉर्च धरला होता. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. कंपनीचा मूळ कनेक्टर गायब होता. प्रत्येक वायर वेगळ्या लांबीवर कापलेली, टोकं सोलून एकमेकांत पिळलेली आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. आठ उन्हाळे गाडी उघड्यावर उभी राहिलेली, त्यामुळे त्या पट्टीचा गोंद वितळून बाहेर आला होता. बोट लावलं की काळा चिकट राप बोटाला. दोन ठिकाणी पट्टी सुटून उघडं तांबं दिसत होतं, आणि त्यातलं एक टोक डॅशच्या लोखंडी पट्टीपासून जेमतेम बोटभर लांब होतं.

"ही गाडी पेटली नाही हे नशीब," बाबा म्हणाले.

बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण कापलेली वायर बघितली की त्यांचा चेहरा आजही बदलतो. त्यांचा एकच नियम मी लहानपणापासून ऐकत आलेय: वायर कापायची नाही. जोडायची असेल तर कनेक्टरमधून जोडायची. उद्या दुसऱ्या माणसाला उघडून बघता आलं पाहिजे आणि त्याला ते कळलं पाहिजे.

हे सगळं काम त्या एका नियमावर झालं. म्हणून सुरुवात त्या गोळ्यापासून केली.

गाडी २०१५ची फोक्सवॅगन पोलो, १.२ लिटर पेट्रोल, ट्रेंडलाइन. म्हणजे सगळ्यात खालचं मॉडेल. मी दुसऱ्या हाताने घेतली. चालायला अजूनही इतकी घट्ट आणि शांत आहे की बदलायचा विचार मनात येत नाही. पण आत बसलं की बेस मॉडेल जाणवायचं. मीटरमध्ये वेग, आरपीएम, पेट्रोलचा काटा, किलोमीटर आणि घड्याळ, बस. पेट्रोल किती लागतंय, टाकीत आहे त्यात अजून किती जाईल, बाहेर तापमान किती, कोणतं दार उघडं राहिलंय, यातलं काहीच नाही. आणि मधोमध आधीच्या मालकाने बाजारातून आणून बसवलेला स्टिरिओ. त्याचा निळा उजेड रात्री डोळ्यांत जायचा आणि भोवतीची चौकट खड्ड्यात किरकिरायची.

हायलाइनमध्ये, म्हणजे टॉप मॉडेलमध्ये, मीटरच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा पडदा असतो. त्याला मॅक्सिडॉट म्हणतात. नंतरच्या वर्षांत हायलाइनला कंपनीचा टचस्क्रीनही मिळाला. मला बाजारातला मोठा अँड्रॉइड स्क्रीन नको होता. मला हेच हवं होतं, कारण ते त्या डॅशसाठीच बनलेलं आहे. उजेडाचा रंग तोच, बटणांचा स्पर्श तोच, आणि दिवे लावले की सगळं एकदम एकाच तेजाने उजळतं.

पोलो आपल्या चाकणला बनली, २००९च्या अखेरीपासून २०२२पर्यंत. बेस आणि टॉप एकाच लाइनवरून बाहेर पडायच्या. पत्रा तोच, डॅशचा साचा तोच. म्हणूनच बेस गाडीत जागोजागी ती कोरी डमी बटणं असतात. त्यांच्याकडे बघून लोकांना चुकचुकायला होतं. मला मात्र ती राखून ठेवलेल्या जागांसारखी वाटतात. मागे घर आहे, खाच आहे, स्क्रूचं भोक आहे. फक्त वस्तू नाही.

पहिला रविवार आणि त्यानंतरच्या तीन संध्याकाळी नवीन काहीच बसवलं नाही. फक्त झालेलं नुकसान भरून काढलं.

फोक्सवॅगनच्या रेडिओमागे क्वाडलॉक नावाचा चौकोनी कनेक्टर येतो, वर दाबून बसवायची कडी असलेला. त्याचा मुख्य भाग १६ पिनांचा. पहिल्या आठ पिना चार स्पीकरच्या. १५ नंबरवर बॅटरीचा कायमचा प्लस, १२ नंबरवर अर्थ. आणि ९ व १० या दोन पिना सगळ्यात महत्त्वाच्या, कारण तिथे कॅनच्या तारा येतात. कॅन म्हणजे गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची आपसात बोलायची ओळ. चावी फिरवली, दिवे लावले, वेग किती, हे सगळं त्या दोन तारांवरून कळतं. बाजारातल्या स्टिरिओला त्या ओळीशी देणंघेणं नसतं. म्हणून ज्याने तो बसवला त्याने त्या दोन तारा कापून, टोकं दुमडून गठ्ठ्यात मागे कोंबून दिल्या होत्या.

त्या शोधायलाच तास गेला. फोक्सवॅगनमध्ये कॅनच्या तारा नारिंगी असतात आणि एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. एकीवर नारिंगीत तपकिरी रेघ असते, ती 'लो'. दुसरीवर वेगळ्या रंगाची रेघ, ती 'हाय'. पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि वजाबाकीत निघून जावा म्हणून तो असतो. त्यामुळे जोड देताना पीळ जितका कमी उलगडेल तितकं बरं.

नवा रिकामा क्वाडलॉक नाना पेठेत मिळाला. सोबत पिना आणि प्रत्येक पिनेमागे वीतभर वायर. आता जोड कसा द्यायचा, यावर आमचं दोघांचं बोलणं झालं.

"डाख दे," बाबा म्हणाले. "डाखासारखा जोड नाही."

मी त्यांना सांगितलं की कंपनी डाख द्यायला नको म्हणते, क्रिंप करायला, म्हणजे धातूच्या बारीक नळीत वायर घालून नळी दाबायला, सांगते. डाख वायरीत आत ओढला जातो, तिथे वायर ताठ होते, आणि गाडीच्या थरथरीने त्या ताठ भागाच्या कडेला एक-एक धागा तुटत जातो. बाबांनी एक जोड घेतला, बोटांत वाकवून बघितला, मग दुसरा वाकवून बघितला.

"आमच्या गाड्यांना इंजिनजवळच्या जोडांना हेच व्हायचं," ते म्हणाले. "आम्ही तिथं आधार बांधायचो. बरोबर आहे तुझं, क्रिंपच कर."

इतकी वर्षं हाताने केलेली गोष्ट त्यांनी जागच्या जागी बाजूला ठेवली. त्या दिवशी मला ते काम पुढे न्यायचं बळ मिळालं.

आधीच कापलेल्या वायरीचं वेडंवाकडं टोक सरळ करून घ्यायचं, पाच मिलिमीटर सोलायचं, क्रिंपच्या नळीत दोन्ही बाजूंनी टोकं सरकवायची, नळी पकडीने दाबायची, ओढून बघायची, मग हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी वरून तापवायची. एकेका वायरीला पाच मिनिटं. शेजारशेजारचे जोड एकाच रेषेत येऊ नयेत म्हणून मागेपुढे ठेवायचे, नाहीतर गठ्ठ्याला गाठ येते आणि रेडिओ आत बसत नाही. शेवटी काळ्या चिकटपट्टीऐवजी कापडी टेप, कंपनीत मूळ गुच्छाला असते तशी. ती उन्हाने पाघळत नाही आणि प्लास्टिकवर खडखडत नाही. गुच्छ पूर्ण झाला तेव्हा बाबांनी तो हातावर तोलून बघितला आणि म्हणाले, "आता ही गाडी आहे."

सामान शोधायला मात्र महिना गेला.

रेडिओचं त्यातल्या त्यात सोपं होतं. आरसीडी ३३० नावाचं साडेसहा इंची टचस्क्रीन युनिट मिळालं. ते मुळात चीनमधल्या गाड्यांसाठी बनलेलं, पण पोलोच्या खोबणीत जसंच्या तसं बसतं. त्यावर कारप्ले चालतं, म्हणजे आयफोन स्क्रीनवर येतो, आणि ते कॅनवरून गाडीशी बोलतं. घेताना विक्रेत्यासमोर १२ व्होल्ट लावून चालू करून बघितलं. कंपनीचे रेडिओ चोरीविरुद्ध 'सेफ'मध्ये जातात आणि चार आकडी कोड मागतात. कोडशिवाय युनिट घेतलं तर घरी आणून ते पडूनच राहणार.

मीटरचं काम अवघड. नवं मीटर कंपनीकडून मागवायचं तर किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, आणि ज्या वर्कशॉपमध्ये विचारलं त्यांनी वेगळ्या मॉडेलचं मीटर बसवायला सरळ नाही म्हटलं. राहिलं ते अपघातात मोडीत निघालेल्या गाड्यांचं. नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या, मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक फेरी. तिथल्या एका दुकानदाराने पिशवीतून मीटर काढून समोर ठेवलं. मॅक्सिडॉट, काच स्वच्छ, एक ओरखडा नाही. मी पैसे काढायच्या बेतात होते. तेवढ्यात आरपीएमच्या आकड्यांवर नजर गेली. आकडे सहावर संपत होते. कोपऱ्यात वेटोळ्या स्प्रिंगसारखं ग्लो प्लगचं चिन्ह. डिझेलचं मीटर! पेट्रोलच्या मीटरवर आकडे आठपर्यंत जातात आणि ते चिन्ह नसतं.

"ताई, चालतं सगळं, कोडिंग करून घ्या," तो म्हणाला.

कोडिंगने, म्हणजे लॅपटॉप लावून मीटरची सेटिंग बदलल्याने, छापील आकडे बदलत नाहीत. मी ते परत ठेवलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण दुकानात उजेड कमी असतो, वस्तू चकचकीत असते आणि माणूस फक्त मधला पडदा बघतो. पाठीमागच्या चिकटलेल्या लेबलवरचा पार्ट नंबर वाचा, तोही शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि वस्तू कोणत्या गाडीतून निघाली ते विचारा, बिल मागा. बिल द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका. मोडीत निघालेल्या गाडीचं सामान आणि चोरीच्या गाडीचं सामान एकाच फळीवर शेजारी शेजारी असू शकतं.

पेट्रोलचं मीटर शेवटी पुण्यातच मिळालं, मागून धडक बसलेल्या एका हायलाइनचं, बिलासकट.

रेडिओ बसवायला अर्धा तास पुरला. भोवतीची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचकटायची, मागे टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे, चार स्क्रू, युनिट सरकवायचं, क्वाडलॉकची कडी खाली दाबायची. टक् असा आवाज आला की बसलं. जास्त वेळ गेला तो माइकला. फोनवर बोलायचा माइक पुढच्या छताच्या दिव्याजवळ नेला. त्याची बारीक तार काचेच्या कडेच्या खांबातून खाली, मग ग्लोव्हबॉक्सच्या मागून रेडिओपर्यंत. खांबाचं प्लास्टिक काढताना क्लिप तुटतात. आधीच चार जादा आणून ठेवल्या होत्या, दोन लागल्या.

संध्याकाळी दिवे लावले तेव्हा स्क्रीनच्या कडेची बटणं, काचेची बटणं आणि मीटर एकाच पांढऱ्या उजेडात आले. चावी काढली, दार उघडलं, स्क्रीन आपोआप बंद. कुणी वेगळी वायर जोडलेली नसताना त्याला हे कळलं. मी दार उघडझाप करून ते तीनदा बघितलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच झाली नाही.

बॅटरी पूर्ण झोपलेली. मला वाटलं, बॅटरीचं वयच झालं. बाबा म्हणाले, "आधी मोजू." बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत अँपिअरमीटर लावला. दार उघडं ठेवून मोजलं तर गाडी जागी राहते, म्हणून दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ते लागल्यासारखं केलं, चावी घरात ठेवली आणि वीस मिनिटं थांबलो. गाडी झोपली की साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह असायला हवा. आमचा आकडा ३८०वर अडला होता. हिशेब सोपा आहे. ०.३८ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ४४ची. तीन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू न होणं त्यात बसतं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. रेडिओचा फ्यूज काढताच आकडा २०वर आला. म्हणजे स्क्रीन काळा दिसत होता, पण आतून युनिट जागंच होतं. कॅनच्या तारांवर शांतता झाली की युनिट झोपतं. ती शांतता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. गुच्छ परत बाहेर काढला. नारिंगी-तपकिरी तारेचा माझा जोड हाताने हलवला तर नळीत किंचित खेळत होता. ओढून बघायची पायरी त्या एका जोडाला राहून गेली असणार. रात्रीचे साडेअकरा वाजले होते तो करताना, आणि पंधरावा जोड होता.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि टॉर्च धरला. जोड नवा केला, ओढला, परत ओढला. वीस मिनिटांनी अँपिअरमीटरवरचा आकडा ५०च्या बराच आत.

त्यानंतर मीटर.

हे काम रेडिओसारखं नाही. या पोलोत इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीने गाडी चालू न देणारी यंत्रणा, मीटरमध्येच असतो. चावीतली चिप, मीटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर हे तिघं एकमेकांना ओळखतात. तिघांतला एक बदलला की बाकीचे दोघे गाडी चालू देत नाहीत. मला हे माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. स्टिअरिंग पूर्ण खाली घेतलं, मीटरचे दोन टॉर्क्स स्क्रू काढले, जुनं मीटर पुढे ओढून मागची कडी उलटवली. एकच ३२ पायांचा कनेक्टर. नव्या मीटरलाही अगदी तोच. लावला, चावी फिरवली. काटे वर जाऊन खाली आले, पडदा उजळला, इंजिन सुरू झालं आणि दुसऱ्याच सेकंदाला बंद पडलं. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत होतं. ज्या गाडीचं मीटर होतं, ते तिचीच चावी मागत होतं.

जुनं मीटर परत लावलं आणि भोसरीला एका कारागिराकडे गेलो. हा माणूस फक्त मीटर आणि गाड्यांचे कॉम्प्युटर यांचं काम करतो. सुरुवातीला त्याने लॅपटॉप लावून गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा पूर्ण स्कॅन घेतला आणि प्रत्येकाचं आहे ते कोडिंग साठवून ठेवलं.  काही बिघडलं तर परत यायची वाट आधी आखून ठेवणारा माणूस बघितला आणि मी निश्चिंत झाले.

मग दोन्ही मीटर टेबलावर उघडली. मीटरच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर आठ पायांची एक छोटी मेमरी चिप असते. इमोबिलायझरची माहिती आणि किलोमीटर, दोन्ही तिच्यात. जुन्या मीटरमधली ही माहिती वाचून नव्यात उतरवायची.

वाचून झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "ताई, किलोमीटर किती ठेवू?"

अगदी रोजचा प्रश्न असल्यासारखा. मला क्षणभर कळलंच नाही.

"जेवढे आहेत तेवढेच," बाबा म्हणाले. "७१ हजार ३४६."

मोडीतून आलेल्या मीटरमध्ये एक लाख आठ हजारांच्या वर होते. म्हणजे न बदलता तसंच लावलं असतं तर तेही खोटं, आणि कमी केलं असतं तर तो सरळ पुढच्या माणसाचा विश्वासघात. मीटर मागे फिरवणं हा शब्द आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात इतका सहज वापरला जातो की त्यात काही वाईट आहे हेच विसरलं गेलंय. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, हे सगळं कधी बदलायचं ते त्या आकड्यावर ठरतं. मी दोन्ही मीटरचे, आकडा दिसेल असे फोटो काढले. बिलावर तारीख, कारण आणि ७१,३४६ लिहून घेतलं, आणि तो कागद सर्व्हिस बुकाला जोडून ठेवला. उद्या मी गाडी विकली तर घेणाऱ्याला तो आधी दाखवणार आहे.

पडद्यावरची पानं उलटायला स्टिअरिंगजवळच्या, वायपर चालू करायच्या दांडीच्या टोकाला वरखाली होणारं बटण लागतं. बेसच्या दांडीला ते नसतं. दांडी बदलायची तर स्टिअरिंग काढावं लागतं आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. त्याला मी हात लावला नाही. बॅटरी सोडून, थांबून, पिवळा कनेक्टर कसा काढायचा ते ज्याला येतं त्यानेच ते करावं. त्याने केलं, मी लांबून बघितलं, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये एअरबॅगमध्ये एकही दोष नाही याची खात्री करून घेतली.

परत येताना दापोडीच्या पुलावर पडद्यावर पहिल्यांदा आकडा आला: १४.२ किलोमीटर प्रति लिटर. बाबा शेजारी बसून रांजणगावच्या रस्त्यावरचं बोलत होते. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "दुसऱ्या गिअरला किती ओढतेस गं." मी तिसरा टाकला आणि आकडा वर गेला.

पण एका जागी पडद्यावर दोन आडव्या रेघा होत्या. बाहेरच्या तापमानाची जागा. बेस गाडीला बाहेरच्या तापमानाचा सेन्सरच नसतो. हा पुढच्या बंपरच्या जाळीमागे बसणारा बोटाएवढा तुकडा, किंमत काही शे रुपये. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, आणि मीटर त्यावरून अंश ठरवतं. दोनच तारा, सरळ मीटरच्या कनेक्टरपर्यंत. कारागीर म्हणाला, "कशाला त्रास, पुण्यात काय थंडी असते?"

त्या दोन रेघा मला झोपू देईनात. काम अर्धवट राहिल्यासारखं.

दोन वायरी बंपरपासून केबिनपर्यंत न्यायच्या होत्या. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात मोठा रबरी बूच असतो, त्यातून मुख्य गुच्छ जातो. त्यालाच एक बारीक टोपण होतं. बाबांनी सायकलची जुनी ब्रेक केबल साबणाच्या पाण्यात बुडवली आणि बुचातून आत ढकलली. मी पेडलांच्या वर डोकं घालून, पाय मागच्या सीटवर, आतून शोधत होते. तिसऱ्या खेपेला टोक हाताला लागलं. केबलला वायरी बांधून ओढून घेतल्या. इंजिनच्या बाजूला वायरींवर पन्हाळी नळी चढवली, गरम भागापासून लांब बांधल्या. मीटरच्या कनेक्टरचं आतलं कुलूप सरकवलं आणि त्या दोन रिकाम्या घरांत नव्या पिना सारल्या. घरं खरंच रिकामी होती, स्वच्छ, आठ वर्षांत कुणी न वापरलेली. पिन आत गेली की बारीक टिक् ऐकू येते. चाकणला ही गाडी बनली त्या दिवसापासून ती जागा तशीच होती.

चावी फिरवली. रेघा गेल्या, २६.५ आलं. बाबांनी खिडकीतल्या थर्मामीटरवर जाऊन बघितलं आणि मान डोलावली.

खर्चाचं थोडक्यात: रेडिओ १६ हजार, मीटर साडेआठ हजार, भोसरीचं काम दांडीसकट नऊ हजार, कनेक्टर, पिना, टेप, सेन्सर, क्लिप मिळून तीन हजारांच्या आत. विम्याच्या नूतनीकरणात रेडिओ इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून बिल लावून नोंदवला. तो नोंदवला नाही तर दाव्याच्या वेळी त्याची भरपाई मागता येत नाही. जुनं मीटर आणि जुनी दांडी डब्यात घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलीय.

जानेवारीत आई-बाबांना घेऊन महाबळेश्वरला गेले होते. पहाटे सहाला बाबांना वेण्णा लेक बघायचा होता, दवबिंदू गोठल्याच्या बातम्या वाचून. आई खोलीवरच थांबली. अंधार, काचेवर वाफ, बाबांच्या कानाला मफलर. तळ्याच्या कडेच्या उतारावर आलो आणि मीटरमधून एक छोटा टोल वाजला. मी घाबरून ब्रेकवर पाय ठेवला. काय बिघडलं?

पडद्यावर ३.५ होतं, आणि बाजूला हिमकणाचं चिन्ह. चार अंशांच्या खाली तापमान गेलं की रस्ता निसरडा असू शकतो, म्हणून गाडी सांगते.

बाबा थोडा वेळ त्या चिन्हाकडे बघत राहिले. मग दार उघडून खाली उतरले, पुढे जाऊन बंपरपाशी वाकले आणि जाळीतून बोट घालून सेन्सर हलवून बघितला.

"घट्ट आहे," म्हणाले, आणि हात चोळत आत येऊन बसले.